प्रकट शब्दांचे धनी

भारतीय संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली, त्या कलमाचा अर्थ निःसंदिग्ध व्हावा एवढ्याचसाठी, मसुदाकारांनी एक लहानसे उदाहरण घातले आहे. कोणी एक व्यक्ती आपली मते लिहिता लिहिता स्वतःची वैयक्तिक माहिती समाजमाध्यमावर सर्वांना दिसेल अशा रीतीने ठेवते. अशा प्रसंगी या कायद्याच्या तरतुदी लागू होणार नाहीत, इतकेच ते उदाहरण सांगते. या कायद्यात व्यक्तीचा निर्देश स्त्रीलिंगी सर्वनामाने केलेला आहे, आणि त्यामुळे उदाहरणातील ती अनामिक व्यक्तीही स्त्रीच आहे. कलम प्रथम वाचले त्या दिवसापासून ही स्त्री माझ्या मनातून हलत नाही. ज्या कायद्याने तिच्या माहितीचा कारभार पाहणाऱ्याला ‘विश्वस्त’ या अर्थाचे नाव दिले, आणि कर्तव्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तजवीज केली, त्याच कायद्याने, ती चारचौघांत बोलली एवढ्या एकाच कारणास्तव, तिला उंबरठ्यावरूनच परत पाठवावे ही गोष्ट मला अन्यायाची वाटते. आणि ती तशी का वाटते हे शक्य तितक्या स्वच्छपणे मांडावे म्हणून हा लेख लिहावयास घेतला आहे.

माझे प्रतिपादन असे की, एखादी गोष्ट प्रकट करणे आणि तिच्यावरील आपल्या हक्काचा परित्याग करणे या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया आहेत, आणि आपल्या कायद्याने पहिलीतून दुसरी आपोआप उद्भवते असे धरून चालण्यात मोठी चूक केली आहे. या चुकीचे परिणाम सर्वांत ठळकपणे दिसतात ते तिऱ्हाइताने केलेल्या संग्रहात. फेसबुकवर किंवा एक्सवर लिहिणारा आणि ती जागा चालविणारी कंपनी यांच्यामध्ये, कितीही एकतर्फी का असेना, एक करार असतो. लिहिणाऱ्याने आपला मजकूर काढून टाकला की तो त्या पानावरून जातो, आणि न गेल्यास दाद कोणाकडे मागावयाची हे तरी ठाऊक असते. परंतु दरम्यानच्या काळात एखाद्या तिसऱ्याच इसमाने, आपल्या संगणकाला रात्रंदिवस नकला उतरविण्याच्या कामास लावून, त्या मजकुराची तारीख-वेळेसह प्रत आपल्या दप्तरी रुजू करून ठेवली असेल, तर ज्या स्त्रीने तो मजकूर लिहिला तिच्याशी त्याचा करार नाही, परिचय नाही, आणि असा कोणी इसम अस्तित्वात आहे याची तिला वार्ताही नाही. हा तिऱ्हाईत कोणीही असू शकतो: विद्यापीठातील संशोधक, राष्ट्रीय ग्रंथालय, वार्ताहर, नष्ट होऊ घातलेले वाचवावे या निखळ प्रेमाने झटणारा स्वयंसेवक, त्याचप्रमाणे चेहऱ्यांचा व्यापार करणारी कंपनी, आणि एखाद्या स्त्रीचा पाठलाग करणारा विकृत मनुष्यही. हत्यार सर्वांचे एकच, आणि आपल्या कायद्याच्या दृष्टीने, मजकूर तिने स्वतः जाहीर केलेला असेल तर, हे सर्व एकाच रांगेत उभे आहेत.

१ जानेवारी २०२२ रोजी आपल्या देशात जे घडले त्याची आठवण येथे केलीच पाहिजे. शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे एका ॲपवर ‘लिलावा’साठी मांडलेली त्या दिवशी आढळली. त्या ॲपचे नाव म्हणजे एक शिवी आहे आणि ते मी येथे लिहीत नाही. त्यापूर्वी सहा महिने, जुलै २०२१ मध्ये, हाच प्रकार दुसऱ्या नावाने होऊन गेला होता. या स्त्रियांत पत्रकार होत्या, वकील होत्या, सामाजिक कार्यकर्त्या होत्या. त्या आपली मते आपल्या नावाने आणि आपल्या चेहऱ्याने जाहीरपणे मांडत होत्या, आणि छायाचित्रे घेतली गेली ती त्यांच्याच समाजमाध्यमांवरील पानांवरून. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने गुन्हा नोंदविला, अटका झाल्या. फौजदारी कायद्याने आपले काम केले. परंतु फौजदारी कायदा अपराध घडून गेल्यावर जागा होतो, आणि माहितीच्या संरक्षणाचा कायदा ज्यासाठी करावयाचा ते कार्य त्याच्याही आधीचे आहे: कोणी कोणाची माहिती कोणत्या हेतूने गोळा करावी, किती दिवस ठेवावी, कोणापुढे ठेवावी याला मर्यादा घालणे. या घटनेनंतर अवघ्या दीड वर्षाने संसदेपुढे विधेयक आले आणि मंजूर झाले, आणि त्यातील उदाहरणात एक स्त्री आपली मते लिहीत बसलेली आहे. जानेवारीतल्या त्या स्त्रिया नेमक्या हेच करीत होत्या. मसुदा लिहिणाऱ्यांच्या मनात त्या नव्हत्या हे मी समजू शकतो. परंतु कलमाच्या अंमलात त्या येतात, आणि येऊन निराधार होतात.

‘सार्वजनिक’ हा शब्दच येथे घात करतो. गावच्या चावडीवर एखाद्याने आपल्या भावकीच्या तंट्याची हकिकत सांगितली, तर ती सार्वजनिक झाली यात शंका नाही. पण ऐकणारे किती, ते कोण, बोलणाऱ्याला ते किती ओळखतात, आणि त्याच्या रागलोभाची वजाबाकी करून बोलणे कसे घ्यावयाचे हे त्यांना किती समजते, या सर्वांची एक चौकट त्या प्रकटनाभोवती आपोआप उभी असे, आणि काळाच्या ओघात ते बोलणे विरूनही जाई. समाजमाध्यमावर लिहिणारा सामान्य मनुष्य अजूनही मनाने चावडीवरच बसलेला असतो. वाचणारे दहा-वीस ओळखीचे, या समजुतीने तो लिहितो. त्याच्या शब्दांची चौकट काढून घेऊन ते शब्द दहा वर्षांनी, त्याच्या नावाने शोध घेणाऱ्या नोकरदात्यापुढे किंवा सोयरिकीची चौकशी करणाऱ्यापुढे, इतर हजार वाक्यांबरोबर एका ओळीत मांडणे, ही मूळ प्रकटनाहून निराळी आणि स्वतंत्र क्रिया आहे. तिची जबाबदारी मांडणाऱ्यावर असली पाहिजे.

हा भेद काल्पनिक नाही; फिनलंडमध्ये तो न्यायालयाच्या कसोटीला उतरला आहे. त्या देशात नागरिकांचे करपात्र उत्पन्न कायद्यानेच सार्वजनिक असते. कर-कचेरीत जाऊन कोणालाही ते पाहता येते. एका प्रकाशनसंस्थेने या माहितीच्या आधारे १२ लाख लोकांच्या उत्पन्नाचे आकडे वृत्तपत्रातून छापले, आणि पुढे तीच माहिती मोबाइलवर संदेश पाठविणाऱ्यालाही मिळेल अशी सोय करण्यात आली. फिनलंडमधील अधिकाऱ्यांनी अशा घाऊक प्रकाशनास मनाई केली. संस्थेने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत फिर्याद नेली. जून २०१७ मध्ये त्या न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मनाई योग्य ठरविली. आकडे तेच, उघडपणाही तोच. पण कचेरीच्या टेबलावर एकेकाने मागून पाहणे आणि सर्वांचे सर्व काही एकत्र गुंफून हाती देणे यांत प्रतीचाच नव्हे तर जातीचा फरक आहे, हे त्या न्यायालयाने मानले.

इतके लिहिल्यावर कोणी असे समजेल की मी संग्राहकांचा वैरी आहे, तर ते मला फार लागेल. दप्तरांच्या आधारावर ज्याने आपला इतिहास उभा केला अशा प्रांतात मी वाढलो. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी महाराष्ट्रभर वणवण करून जुन्या घराण्यांतले कागद मिळविले नसते, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने त्यांचे बावीस खंड निघाले नसते, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले नसते, तर अठराव्या शतकातील मराठी माणूस कसा बोलत होता, कशाने चिडत होता, कर्जासाठी कोणाच्या विनवण्या करीत होता, हे आपणास कोठून कळले असते? ती पत्रे लिहिणाऱ्यांनी तर ती जाहीरही केली नव्हती. राजवाडे हे त्या पत्रव्यवहाराच्या दृष्टीने तिऱ्हाईतच होते, आणि त्यांच्या त्या तिऱ्हाईतपणाचे आपण सर्व ऋणी आहोत. आजच्या काळात हे काम दुप्पट निकडीचे झाले आहे, कारण कागद माळ्यावर पडून शतकभर टिकतो, आणि समाजमाध्यमावरचा शब्द मालक कंपनीच्या एका निर्णयासरशी नाहीसा होतो. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले. परदेशी गेलेली आणि घरी राहिलेली मराठी तरुण मंडळी तेथील समूहांतून वर्षानुवर्षे एकमेकांशी बोलत होती. सार्वजनिक समूहांतील लेखन कंपनीने काही काळ वाचावयास खुले ठेवले, आणि मग तेही दार लागले. २००९ मध्ये जिओसिटीज बंद झाले तेव्हा लक्षावधी सामान्य माणसांनी हौसेने बांधलेली पाने बुडाली असती. त्यांतली जी वाचली त्यांतली पुष्कळशी ‘अर्काइव्ह टीम’ या स्वयंसेवकांच्या मंडळीने वाचविली. सीरियातील यादवी युद्धाचे पुरावे असलेल्या चित्रफिती २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत मोठ्या संख्येने काढल्या गेल्या, तेव्हा बर्लिनस्थित ‘सीरियन अर्काइव्ह’सारख्या गटांनी आधीच उतरवून ठेवलेल्या नकला किती मोलाच्या आहेत हे जगाला कळले. या लोकांनी प्रत्येक लेखकाची परवानगी मागत बसावे असा नियम करणे म्हणजे हे काम बंद करणे होय. म्हणून मी म्हणतो की जतन करण्यास संमतीची अट नसावी.

परंतु राजवाड्यांच्या उदाहरणाचा आधार घेताना एक गोष्ट विसरता कामा नये. त्यांनी उजेडात आणलेल्या पत्रांचे लेखक बहुधा शे-दीडशे वर्षांपूर्वी स्वर्गवासी झालेले होते. त्या पत्रांतील कर्ज कधीच फिटले किंवा बुडाले होते, त्यातील अब्रूचा प्रश्न पणतवंडांपर्यंत येऊन निवला होता. काळाने ते कागद प्रथम सीलबंद केले आणि मग इतिहासकाराच्या हाती दिले. आजच्या संग्राहकाला काळाचे हे साहाय्य नाही. त्याची नक्कल मूळ लेखन झाल्याच्या दुसऱ्या मिनिटाला उघडता येते, आणि लेखिका तेव्हा जिवंत असते, तिची नोकरी, तिचे लग्न, तिचा शेजार सर्व जिवंत असते. जे काम काळ करीत असे ते आता संग्राहकाने जाणूनबुजून, नियम करून, स्वतः केले पाहिजे.

असे करता येते याची साक्ष लोकांच्या नित्य व्यवहारातच आहे. अमेरिकेत जनगणनेची नावनिशीवार पत्रके ७२ वर्षे बंद ठेवतात. १९५० सालची पत्रके १ एप्रिल २०२२ रोजी उघडली गेली. इंग्लंडमध्ये ही मुदत शंभर वर्षांची आहे, आणि १९२१ ची गणना जानेवारी २०२२ मध्ये लोकांना पाहावयास मिळाली. ही मुदत पाळण्यासाठी एकही कागद जाळावा लागला नाही, आणि जिवंत माणसांची घरे सहसा उघडी पडली नाहीत. समाजमाध्यमांच्या बाबतीत लायब्ररी ऑफ काँग्रेसचा अनुभव मला याहूनही उद्बोधक वाटतो. एप्रिल २०१० मध्ये ट्विटरने २००६ पासूनचा आपला सर्व सार्वजनिक संग्रह त्या ग्रंथालयास देणगीदाखल दिला. सहा महिन्यांपर्यंतचे ताजे लेखन खुले करावयाचे नाही, त्याचा व्यापारी उपयोग करू द्यावयाचा नाही, आणि जे लेखकाने स्वतः काढून टाकले ते संग्रहात धरावयाचे नाही, अशा मर्यादा ग्रंथालयाने पत्करल्या. जानेवारी २०१३ पर्यंत हा ढीग १७० अब्ज नोंदींचा झाला, आणि त्यातील केवळ पहिल्या चार वर्षांच्या भागात एक शब्द शोधावयास २४ तास लागू शकतात असे ग्रंथालयाने कळविले. शेवटी १ जानेवारी २०१८ पासून सरसकट संग्रह थांबवून निवडक संग्रहाचे धोरण स्वीकारले गेले, आणि जमा झालेले भांडार संशोधकांना न उघडता बंदच ठेवण्यात आले. अनेकांना हे अपयश वाटले. संशोधकांची निराशा मी समजतो. तरीही जगातील एका थोर ग्रंथालयाने, हाती आलेल्या गोष्टीचा आवाका न उमगता दार उघडण्याऐवजी ते बंद ठेवणे पसंत केले, यात मला दप्तरदाराची जुनी निष्ठा दिसते.

लेखकाने काढून टाकलेले वगळावयाचे, हा त्यातला नियम मात्र सर्वांना सारखा लावता येणार नाही, आणि येथे सत्तेचा प्रश्न येतो. नेदरलँड्समध्ये २०१० साली ‘पोलिटवूप्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. लोकप्रतिनिधींनी लिहून मागाहून पुसलेली वाक्ये तो जपून ठेवी आणि लोकांपुढे मांडी. पुढे तो अनेक देशांत पोचला. २०१५ मध्ये ट्विटरने, पुसण्याचा हक्क सर्व खातेदारांना सारखाच असला पाहिजे या भूमिकेवरून, या उपक्रमाला मिळणारी माहिती तोडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आपला निर्णय फिरविला. सर्वांना सारखाच हक्क, हे वचन कानाला गोड लागते. परंतु मंत्री आणि मजूर यांच्या शब्दांना समाजात सारखे वजन नसताना पुसण्याचा हक्क सारखा देणे ही समता नव्हे. केंद्र सरकारचा दस्तऐवज बेकायदा नष्ट करणाऱ्यास १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. ज्या जाहीरनाम्याने एखादा अधिकारारूढ पुरुष रयतेला काही सांगतो तो कागदावर न लिहिता मोबाइलवर लिहिला, म्हणून त्याचे स्वरूप बदलत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१४ पासून सरकारी खात्यांचे समाजमाध्यमांवरील लेखन जपावयास आरंभ केला तो याच जाणिवेने. अधिकारपदावरून बोललेले पुसण्यास मज्जाव असावा, ते जपणाऱ्या तिऱ्हाइताला कायद्याचे पाठबळ असावे. आणि पदावर नसलेल्या माणसाने काढून घेतलेला शब्द, संग्रहात राहिला तरी, त्याच्या हयातीत त्याच्या नावाने कोणाच्या हाती पडू नये. या दोन्ही गोष्टी एकाच तत्त्वातून निघतात, कारण दोन्ही ठिकाणी आपण बोलणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या बळाचे प्रमाण पाहतो.

युरोपीय संघाची २५ मे २०१८ पासून लागू झालेली माहिती-संरक्षणाची नियमावली या दिशेने बरीच वाट चालली आहे. तेथे मजकूर सार्वजनिक असला तरी तो वैयक्तिक माहितीच राहतो आणि कायद्याच्या कक्षेतच राहतो. सतराव्या कलमाने माहिती पुसून मागण्याचा हक्क दिला आहे, पण त्यालाच सार्वजनिक हितासाठी केलेल्या अभिलेखनाचा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अपवाद जोडला आहे. मे २०१४ मध्ये, म्हणजे ही नियमावली येण्यापूर्वी, संघाच्या न्यायालयाने एका स्पॅनिश गृहस्थाच्या प्रकरणात जो निर्णय दिला त्याचे मर्म मला फार मोलाचे वाटते: १९९८ सालच्या वृत्तपत्रात त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची जाहिरात होती ती तशीच राहिली, मात्र त्याचे नाव टाकून शोधणाऱ्यापुढे गूगलने ती आणू नये असे ठरले. दप्तर शाबूत ठेवले, आणि नावाने उघडणारी किल्ली तेवढी काढून घेतली. युरोपच्या व्यवस्थेत उणीवही आहे. सार्वजनिक हिताचे अभिलेखन म्हणजे कायद्याने तसे कर्तव्य सोपविलेल्या संस्थांचे, असा अर्थ तिच्या प्रस्तावनेतून निघतो, आणि मग अर्काइव्ह टीमसारख्या निःस्वार्थ लोकांना आपल्या आश्रयाची खात्री उरत नाही. संग्राहकाची परीक्षा त्याच्या सनदेवरून न करता त्याच्या वर्तनावरून करावी असे माझे मत आहे.

आपल्याकडेही विचार याच अंगाने सुरू झाला होता, ही गोष्ट मनाला अधिक टोचते. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात सार्वजनिक माहिती कायद्याच्या आत होती. संमतीवाचून तिच्यावर प्रक्रिया करण्याची मुभा रास्त प्रयोजनांच्या यादीत, अटींच्या अधीन, ठेवलेली होती, आणि विस्मरणाच्या हक्काची तसेच पत्रकारितेसाठी सवलतीची तरतूदही होती. २०२३ च्या कायद्यात पत्रकारितेची सवलत गेली, आणि स्वतः जाहीर केलेली माहिती सरळ बाहेर काढली गेली. याच कायद्याच्या सतराव्या कलमात संशोधन आणि अभिलेखन यांना सूट आहे, आणि तिला दोन शहाण्या अटी आहेत: त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयी कोणताही निर्णय घ्यावयाचा नाही, आणि ठरवून दिलेल्या मानकांप्रमाणे काम करावयाचे. पण तिसऱ्या कलमाने जी माहिती मुळातच बाहेर ठेवली तिला या अटी लागणार कशा? ज्या संग्रहाला त्यांची सर्वाधिक गरज तोच त्यांतून मोकळा सुटला. शिवाय समाजमाध्यमावरील एका मजकुरात एकाच माणसाची माहिती क्वचितच असते. बहिणीने आपल्या भावाच्या आजाराविषयी लिहिले, तर बहिणीची माहिती कायद्याबाहेर आणि भावाची कायद्याच्या आत. प्रामाणिक संग्राहकाने एकाच वाक्याचे दोन तुकडे कसे करावेत? आणि तिने तो मजकूर काढून घेतल्यानंतरही तो ‘जाहीर केलेला’ मानावयाचा की नाही, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत सापडत नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये या कायद्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि त्यातील मुख्य कर्तव्ये अमलात येण्यास अठरा महिन्यांचा अवधी ठेवला आहे. दुरुस्तीची इच्छा असेल तर तिला फार शब्द लागणार नाहीत. स्वतः जाहीर केलेल्या माहितीचा अपवाद काढून ती अभिलेखनाच्या सवलतीखाली आणावी, आणि अधिकारपदावरील उक्तींना त्यातून मोकळे ठेवावे. मग तिसऱ्या कलमाखालचे ते उदाहरणही सतराव्या कलमाखाली नेता येईल, आणि तेथे ते पुढीलप्रमाणे लिहिता येईल: ‘क्ष’ ही व्यक्ती आपली मते लिहिताना स्वतःची माहिती समाजमाध्यमावर जाहीर करते. तीन वर्षांनी ती तो मजकूर काढून टाकते. एका संग्राहकाने दरम्यान त्याची नक्कल ठेवलेली आहे. ती नक्कल त्याने ठेवावी. ‘क्ष’ हयात असेतो तिच्या नावाने मागणाऱ्यास ती देऊ नये.